घरातली दुरुस्ती स्वतः शिकायची आहे? कुकरपासून सुरू करा, पंख्यापर्यंत पोचाल

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या बेडरूमचा पंखा एकदम मंद झाला. रेग्युलेटर पाचवर ठेवला तरी पाती मोजता येतील इतका हळू, आणि बाहेर चाळीसचं ऊन. एका मेकॅनिकना बोलावलं, त्यांनी खालूनच बघितलं, स्विच दोनदा चालू-बंद केला आणि म्हणाले मोटर गेलीय ताई, रिवाइंडिंग करावं लागेल, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळावी लागेल, नाहीतर सरळ नवीन घ्या. आमच्या शेजारचे काका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता रिटायर झालेत, ते म्हणाले अगं मोटर जळली असती तर आधी वास आला असता, कपॅसिटर बघ. मग काकांनी खाली उभं राहून सांगितलं आणि मी वर चढून बदलला. साठ रुपयांचा कपॅसिटर, म्हणजे पंख्याला सुटायला मदत करणारी एक छोटी डबी. पंखा आजही त्याच कपॅसिटरवर चालतोय.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली ती म्हणजे अख्खी वस्तू सहसा बिघडत नाही, तिच्यातला एखादा भाग बिघडतो. आपण म्हणतो नळ खराब झाला, मिक्सर बंद पडला, पण खरं तर नळातला वायसर झिजलेला असतो, मिक्सरचा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा दातेरी भाग, तुटलेला असतो, आणि त्या भागाला नाव असतं आणि ते नाव घेऊन दुकानात गेलं की तो बहुतेक वेळा थोडक्या पैशांत मिळतो. सुरुवातीला मी हार्डवेअरच्या दुकानात गेले की काउंटरवरून उत्तर यायचं, साहेबांना पाठवा, त्यांना कळेल. आता मी म्हणते हाफ टर्नचा स्पिंडल द्या (नळाच्या हँडलखालचा फिरणारा भाग), हा जुना बघा, दाते एवढे आहेत. मग कोणी साहेबांबद्दल विचारत नाही. पैसे वाचतात ते आहेच, पण मला विचाराल तर हे जास्त मोलाचं वाटतं, आणि ज्यांना हे शिकायचंय पण भीती वाटते त्यांच्यासाठीच मी हे सगळं लिहितेय.

आधी हत्यारं, पण थोडीच

एकदम मोठा टूलकिट घेऊ नका. त्यातलं निम्मं कधी वापरलं जात नाही आणि स्वस्त किटमधल्या डिसमिसचं टोक दुसऱ्याच स्क्रूला गोल होतं. मी हळूहळू जमवलेलं सांगते: एक चपटा आणि एक चार कोनाचा डिसमिस, दोन्ही चांगल्या कंपनीचे, एक पक्कड, हँडलला जाड रबर असलेली, एक ॲडजस्टेबल पाना, लाइन टेस्टर, टेफलॉन टेप, इन्सुलेशन टेप, आणि नंतर जमलं तर साधा मल्टिमीटर, तोही कपॅसिटन्स, म्हणजे कपॅसिटरची क्षमता, मोजणारा बघून घ्या. ॲलन कीचा छोटा संच पण ठेवा, हल्लीच्या नळांच्या हँडलला तोच लागतो. पुण्यात असाल तर इलेक्ट्रिकचं सामान तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत बघायला जा, एकदा तरी जाच, काही घ्यायचं नसलं तरी, कारण कुठल्या भागाला काय म्हणतात हे तिथे उभं राहून ऐकूनच जितकं कळतं तितकं घरी बसून कळत नाही.

आणि मोबाईल. काहीही उघडायच्या आधी फोटो, प्रत्येक स्क्रू काढल्यावर फोटो, वायरी सोडवायच्या आधी दोन बाजूंनी फोटो. काढलेले स्क्रू एका ताटलीत, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने ठेवायचे. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं आणि जोडून झाल्यावर दोन स्क्रू हातात उरले, ते कुठले ते शोधायला परत सगळं उघडावं लागलं.

पायरी पहिली: कुकर

कुकरपासून सुरू करा कारण त्यात वीज नाही. कडेने वाफ जातेय, शिटीच होत नाही, असं झालं की बहुतेक वेळा रबर म्हणजे गॅस्केट सैल झालेलं असतं. ते आपल्याच कंपनीचं, आपल्याच लिटरचं घ्यायचं, झाकणावर कंपनी आणि साइज बघून. शिटीखालची नळी भातशिताने चोंदली असेल तर ती आधी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा, आणि हे खरं तर रोजच बघायला हवं. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू असतो, पाणी संपून कुकर फार तापला की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते, म्हणजे व्हॉल्व्ह उडाला तर त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. तो बदलायचा तर मूळ कंपनीचाच घ्यायचा, आणि तिथे एम-सील, खिळा, स्क्रू असलं काहीही कधीही बसवायचं नाही. मी एका घरी असं बसवलेलं डोळ्यांनी बघितलंय, म्हणून एवढं जोरात सांगतेय.

पायरी दुसरी: टपकणारा नळ

मी एकदा रात्री टपकणाऱ्या नळाखाली बादली ठेवली आणि सकाळी मोजलं तर दीड लिटरच्या वर पाणी होतं. हिशोब सोपा आहे, सेकंदाला एक थेंब धरला आणि वीस थेंबांचा एक मिलीलिटर, तर दिवसाला चार लिटरच्या वर जातं. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात दोन दिवसांनी पाणी येतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आधी नळ कुठला ते ओळखा. बरेच आटे फिरवून बंद होणारा जुना नळ असेल तर आत रबरी वायसर आहे. अर्ध्या किंवा पाव फेरीत चालू-बंद होणारा असेल तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असलेला स्पिंडल आहे, आणि पाण्यातल्या वाळूच्या कणाने त्या चकत्यांवर ओरखडा पडला की नळ टपकायला लागतो. म्हणूनच टाकी धुतली की नंतरच्या आठवड्यात सोसायटीत नळांच्या तक्रारी वाढतात, तळाचा गाळ हलून पाइपात उतरतो.

आता काम. नळाचं पाणी बंद करा, बेसिनखाली अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायचा छोटा नळ, असेल तर तो, नाहीतर बाथरूमचा भिंतीत बसवलेला कन्सील्ड व्हॉल्व्ह, तोही नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा. मग नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाका. बेसिनच्या भोकावर फडकं टाका, स्क्रू एकदा त्यात गेला की गेला. हँडलवरचं लाल-निळं टोपण चपट्या डिसमिसने अलगद उचकटा, खाली स्क्रू दिसेल, काही नळांना तो बाजूला असतो आणि ॲलन कीने सुटतो. हँडल निघालं की वरचं कव्हर हाताने फिरवून काढा, मग पान्याने स्पिंडल घड्याळाच्या उलट्या दिशेने सोडवा.

इथे थांबा आणि हे नीट वाचा. स्पिंडल सोडवताना दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरून ठेवायचं. स्पिंडल जाम झालेला असतो, आपण जोर लावतो, आणि त्याबरोबर अख्खा नळ भिंतीतल्या एल्बोसकट, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडासकट, फिरतो. भिंतीतला प्लॅस्टिकचा पाइप तडकला तर वीस मिनिटांचं काम टाइल फोडण्यावर जातं. सुटतच नसेल तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, क्षार जरा सैल होतात, मग परत प्रयत्न करा. पान्याच्या जबड्यात जुनं कापड धरलं तर क्रोमवर ओरखडे पडत नाहीत.

जुना स्पिंडल खिशात घालून दुकानात जा. फोटो चालत नाही, कारण वरच्या दात्यांची संख्या आणि लांबी कंपनीगणिक वेगळी असते, वस्तू वस्तूशेजारी ठेवूनच बघावी लागते. नवीन बसवायच्या आधी खाली बादली धरून कॉक दोन सेकंद उघडा म्हणजे आतला कचरा निघून जाईल, नाहीतर नव्या चकत्यांवर पहिल्याच दिवशी तोच ओरखडा पडेल. मग स्पिंडल हाताने बसवा, शेवटचा थोडासाच पाना. आवळण्यात ताकद दाखवायची नाही.

पाणी कमी येतंय एवढीच तक्रार असेल तर यातलं काहीच करू नका. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. आमच्याकडे बोअरचं खारं पाणी मिसळून येतं, दर तीन-चार महिन्यांनी हे करावंच लागतं.

अख्खा नळ बदलायचा असेल तर टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, आठ-दहा वेढे, जरा ताणून. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते.

पायरी तिसरी: मिक्सर

मिक्सर अचानक बंद पडला, वास नाही काही नाही, तर प्लग काढा, भांडं रिकामं करा, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि मिक्सर उलटा करून तळाशी लाल बटण आहे का बघा. ते ओव्हरलोडचं बटण. जास्त लोड आला की ते आपोआप सुटतं, दाबलं की परत सुरू. माझ्या आईने याच कारणासाठी दोनदा मिक्सर रिपेअरला दिला होता. मी बटण दाखवलं तेव्हा ती कितीतरी वेळ त्या बटणाकडेच बघत होती, मग म्हणाली हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर. आता तिच्या भिशीतल्या चौघींना तिने दाखवलंय.

मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही, किंवा कडकड आवाज येतोय, तर कपलर बघा, भांड्याच्या खालचा आणि मशीनवरचा दोन्ही. दाते झिजलेले लगेच दिसतात. बदलताना लक्षात ठेवा की बऱ्याच मिक्सरना आटे उलटे असतात, त्यामुळे एका दिशेने सुटत नसेल तर जोर वाढवायच्या आधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. प्लग बोर्डातून काढून नजरेसमोर ठेवायचा, स्विच बंद केलाय यावर भागवायचं नाही. आतून ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, मोटर अडखळतेय, तर कार्बन ब्रश संपत आलेले असू शकतात. मिक्सरच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाला करंट त्या दोन कार्बनच्या तुकड्यांमधूनच मिळतो आणि ते घासून झिजणारच. काही मॉडेलमध्ये ते बाहेरून निघतात, काहींमध्ये अख्खं मशीन उघडावं लागतं, आणि पहिल्या वर्षी अख्खं उघडू नका असं मी सांगेन.

वॉरंटी चालू असेल तर कुठलीच वस्तू उघडू नका, सरळ कंपनीला फोन करा. आणि वॉरंटी संपल्यावर भाग मिळत नाही, कव्हर चिकटवून बंद केलंय, असं झालं तर राग येणं बरोबर आहे, तो मला पण येतो. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. तिथे भाग घेतलेल्या कंपन्यांची मॅन्युअल, सुट्या भागांची माहिती, सर्व्हिस सेंटर असं एका जागी ठेवायचं हा हेतू आहे. नवीन वस्तू घेताना मी आता दुकानात पहिला प्रश्न हाच विचारते की याचे पार्ट सुटे मिळतात का.

पायरी चौथी: पंखा

हे शेवटी ठेवलंय कारण यात वीज पण आहे आणि उंची पण. पहिल्यांदा करताना एकटीने किंवा एकट्याने करू नका, कुणीतरी जाणकार खाली उभं हवंच. ॲमस्टरडॅममध्ये 2009 मध्ये रिपेअर कॅफे सुरू झाला, लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात आणि जाणकारांशेजारी बसून स्वतःच्या हाताने दुरुस्त करतात, आणि ती पद्धत मग बऱ्याच देशांत पसरली. माझा रिपेअर कॅफे म्हणजे शेजारचे काका. तुमच्या बिल्डिंगमध्ये पण असं कुणीतरी असेल, विचारून बघा, अशा माणसांना विचारलेलं आवडतं.

आधी कारण शोधा. पंखा बंद करून पाती पुसा, कडेला मळ साठला तरी वारा कमी लागतो. मग हाताने पातं ढकला, सहज फिरत राहिलं तर बेअरिंग ठीक, घरघरलं किंवा लगेच थांबलं तर बेअरिंगचा प्रॉब्लेम आणि ते काम मेकॅनिकचं. फक्त मधल्या स्पीडला गडबड आहे पण पाचवर छान पळतो, तर रेग्युलेटर बघा. पाचवर पण मंद आहे, किंवा स्विच दिल्यावर नुसता हुं आवाज येतो आणि काठीने ढकलल्यावर फिरायला लागतो, तर कपॅसिटर, शंभरातल्या बहुतेक वेळा.

असं का होतं ते सांगते, मला हे कळल्यावर फार बरं वाटलं होतं. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात आणि एकाच फेजवर, म्हणजे घरातल्या साध्या विजेवर, दोन्हींना एकदमच करंट मिळाला तर मोटरला फिरायची दिशाच मिळत नाही. कपॅसिटर एका वाइंडिंगचा करंट थोडा पुढे सरकवतो, त्या फरकामुळे फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंखा स्वतःहून सुटतो. कपॅसिटरच्या आत प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूचा पातळ थर असतो, व्होल्टेज वरखाली झालं की त्यातला बारीकसा ठिपका जळून जातो आणि कपॅसिटर पुढे चालू राहतो, पण वर्षानुवर्षं असे ठिपके जात राहिले की क्षमता उतरत जाते. माझ्या जुन्यावर 2.5 मायक्रोफॅरड (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) लिहिलेलं होतं, मीटरवर 1.3 आलं.

बीएलडीसी पंखा असेल, म्हणजे रिमोटवाला आणि तीसेक वॉटचा, तर हे सगळं लागू नाही, त्यात सर्किट असतं.

आता पायऱ्या, आणि यातली एकही गाळायची नाही.

1. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा स्विच, बंद करा, कळत नसेल तर मेन बंद करा. नुसता पंख्याचा स्विच पुरत नाही, जुन्या घरांत कधी कधी स्विच न्यूट्रलवर, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरीवर, बसवलेला असतो, पंखा बंद दिसतो पण वायरीत करंट तसाच.

2. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पडला की इन्व्हर्टर आपोआप पंखे-दिवे उचलतो, म्हणजे तुम्ही मेन बंद करून वर चढता आणि वायरीत करंट असतो. हे खूप जण विसरतात.

3. टेस्टर मेन बंद करायच्या आधीच एखाद्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतोय ना ते बघा, मग सगळं बंद करून, वर चढून वाटी सरकवल्यावर पंख्याच्या वायरींवर लावा. बिघडलेला टेस्टर पण पेटत नाहीच, म्हणून आधी तपासायचं.

4. चारही पाय नीट टेकणारा घोडा किंवा शिडी घ्या. खुर्चीवर स्टूल नको, गादीवर खुर्ची नको.

5. दांड्याची वाटी सैल करून सरकवा. कपॅसिटर मोटरजवळच्या वाटीत असतो किंवा छताजवळच्या, दोन्ही बघा. वर आहातच तर दांड्याचा नटबोल्ट आणि त्यातली पिन जागेवर आहे का ते पण बघून घ्या, पिन नसेल तर पंखा चालवूच नका, आधी ती बसवा.

6. फोटो काढा. कपॅसिटरच्या दोन्ही वायरींना एकदम हात लावू नका, आत चार्ज राहिलेला असू शकतो आणि धक्का छोटा असला तरी शिडीवरून पडायला पुरतो. इन्सुलेटेड दांड्याच्या डिसमिसने दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून घ्या, मगच सोडवा.

7. जुन्यावरचा आकडा बघून अगदी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि 440 व्होल्टचा घ्या. आपल्याकडे 2.5 खूप चालतो, 2.25 आणि 3.15 पण असतात. मोठा लावला तर जोरात पळेल असं दुकानात कुणीतरी सांगेल, पळतो पण, पण वाइंडिंग तापतं आणि मग खरोखरच रिवाइंडिंग करावं लागतं.

8. जुन्याची एक वायर सोडवा, त्या जागी नव्याची जोडा, मग दुसरी. कपॅसिटरला उलटसुलट बाजू नसते, पण तो ज्या दोन वायरींवर होता त्याच दोन वायरींवर जायला हवा. जोड घट्ट पिळा, टेप नीट लावा, वाटी वर सरकवून आवळा.

9. खाली उतरा, शिडी बाजूला करा, मगच मेन चालू करा. पंखा उलटा फिरला, वारा वर जायला लागला, तर वायर चुकीच्या टोकाला गेलीय. परत सगळं बंद करून फोटोशी ताडून बघा.

मी मेन चालू केला आणि पंख्याने वेग घेतला तेव्हा माझी आठवीतली मुलगी खाली टाळ्या वाजवत होती, आणि मला खरंच डोळ्यात पाणी आलं, साठ रुपयांच्या डबीने एवढं व्हावं याचं. पुढच्या रविवारी हॉलचा तिने बदलला. शिडी मी धरली, पायऱ्या तिने मोठ्याने वाचल्या.

हे मात्र करू नका

मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, प्लग काढून ठेवलेला असला तरी नाही, त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. फ्रिज-एसीचा गॅस, गीझरच्या आतलं काम, मेन बोर्ड, मीटर, हे लायसनवाल्या माणसाचं. गॅसच्या शेगडीचे बर्नर काढून धुवा, भोकं टाचणीने साफ करा, पण रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हला हात लावू नका. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाईटचा कुठलाही स्विच चालू-बंद करायचा नाही, आणि घराबाहेर येऊन 1906 ला फोन.

आणि हो, आपण शिकलो म्हणून मेकॅनिकला बोलावणं बंद होत नाही. उलट मी आता बोलावते तेव्हा आधीच सांगते की हाताने फिरवून बघितलंय, बेअरिंगचा आवाज आहे, कपॅसिटर नवीन आहे. त्यांचा वेळ वाचतो, आणि चांगला कारागीर असेल तर तो पण मोकळेपणाने दाखवतो, बघा ताई इथे झिजलंय. असं दाखवणारा माणूस भेटला की त्याचा नंबर जपून ठेवा आणि त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नका.

शेवटचं एक काम, ते आजच करून टाका. एक बिस्किटाचा रिकामा डबा घ्या. त्यात एक 2.5 चा कपॅसिटर, टेफलॉन टेपचे दोन रोल, दोन-चार वायसर, कुकरचं एक जादा गॅस्केट ठेवा. जो भाग बदलाल त्यावर मार्करने तारीख टाका. आमच्या बेडरूमच्या कपॅसिटरवर मुलीच्या अक्षरात तारीख आहे आणि खाली तिने लिहिलंय, आईने बदलला.